बाटलीवरची पट्टी

निजामाच्या राज्यात मुदखेडला स्टेशनजवळच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता. औषधाच्या बाटलीवर चिकटवायची कागदी पट्टी तो कापायचा, तेव्हा बघत राहावं. जीभ जराशी बाहेर काढून तो दर खुराकाला एक खाच पाडी. सगळ्या खाचा अगदी सारख्या. डिंकानं पट्टी बसवली, की बाटली उजेडात धरून स्वतःशीच म्हणे, "वा, क्या बात है!"

एक खाच म्हणजे एका वेळचं औषध, एवढं मात्र तो कुणाला सांगत नसे. म्हाताऱ्या माणसांना तर नाहीच. कुणी विचारलंच, तर "पट्टी लावलीय की," म्हणून पुढच्याची बाटली ओढी.

माझी आत्या सत्तरीची. दवाखान्याचा विटाळ नको म्हणून तिनं बाटली राखेनं घासली आणि पट्टी निघून गेली. मग लवकर बरं वाटावं म्हणून तीन दिवसांचं औषध एका दिवसात संपवलं अन् गरगरून अंगणात पडली.

तिला घेऊन गेलो, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. "अहो, तोंडानं एकदा सांगितलं असतं तर जीभ झिजली असती काय?"

आत्यानंच हात जोडले. "माजंच चुकलं बाबा. बाटली घासली अन् पट्टी निघाली. मला काय कळतंय?"

त्यानं शांतपणे बाटली भरली, तशीच सुरेख पट्टी कापली, दुप्पट डिंक लावला, अंगठ्यानं घट्ट दाबली अन् बाटली आत्याच्या हातात दिली.

"घासा आता किती घासायची ती. न्हाई निघायची."