सातव्या मजल्यावरून खाली

विठ्ठलवाडीची चाळ सोडून आम्ही खरवईला सातव्या मजल्यावर राहायला आलो. पूर्वी एकदा मी लिफ्टमध्ये अडकले होते. तेव्हापासून दार बंद झालं की माझा श्वासच कोंडायचा. म्हणून मी जिने चढायचे. भीती जावी म्हणून उल्हासनगरला संमोहन करून घेतलं, अंबरनाथला एका बाईंनी कपाळावर बोटांनी हलकं टकटक करायला शिकवलं, फुलांच्या अर्काचे थेंबही घेऊन पाहिले. घरी बरं वाटायचं, पण लिफ्टसमोर आले की जिन्याकडे वळायचे. शेवटी गुडघे सुजले आणि माझं खाली उतरणंच बंद झालं.

एका दुपारी लिफ्टची सर्व्हिसिंग करायला पन्नाशीचा मेकॅनिक आला. बोलताना तो सारखा फडक्याला हात पुसायचा. मी भीतीचं सांगितलं, तर तो हसला नाही.

"ताई, आत नुसत्या उभ्या राहा. दार मी धरतो."

दहा मिनिटं तो दार धरून उभा राहिला. मग तोही आत आला, दार बंद करून बघितलं, मग एकच मजला उतरलो. दर वेळी विचारायचा, "बाहेर जायचंय?"

"तुम्हाला नाही भीती वाटत?" मी विचारलं.

"लिफ्टची नाय. पालीची वाटते. वर मशीनरूममध्ये दोन हायत. घाम फुटतो, तरी जातो."

तासाभराने आम्ही तळमजल्यावर पोचलो. माझे हात गार पडले होते, पण श्वास नीट चालला होता.

"आता वर एकटी जाते," मी म्हटलं. त्याने मान डोलावली आणि बाजूला झाला.

सातव्या मजल्यावर दार उघडलं, तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसत होते.