काचेच्या दारापाशी

चिखलीत किराणावाल्या काकांचं स्वतःचं दुकान होतं, तेव्हा ते धणे तळहातावर चोळून समोर धरायचे. "हुंगून पाहा ताई, मंग घ्या," म्हणायचे. आपण घाई केली की त्यांना रागच यायचा. माल विकायला आलेला शेतकरी असो, माझ्यासारखी मास्तरीण असो की मशिदीमागची खाला, प्रत्येकाच्या घरचं ते विचारत.

मोठं मार्ट आलं आणि ते दुकान बंद पडलं. आता त्याच मार्टच्या दारात ते लाल टोपी घालून "वेलकम मॅडम" म्हणतात, पाठ केल्यासारखं. मागच्या भिंतीवर देशोदेशीचे हसरे चेहरे आहेत आणि वर लिहिलंय, 'सारं जग आपलं'.

परवा खेड्यातली एक म्हातारी चपला काढून दाराबाहेरच उभी राहिली. गार्ड हसला. ते मात्र पुढे झाले.

"काऊन थांबल्या आजी? या ना अंदर."

"फरशी खराब होईन ना बाप्पा."

तिला चपला घालायला त्यांनी सांगितलं नाही. वाकून स्वतःचे बूट काढले, तिच्या चपलांशेजारी ठेवले आणि तिचा हात धरून अनवाणीच आत आले.

मॅनेजर धावला. "काका, बूट घाला. कस्टमर बघतायत."

"ह्या बी कस्टमरच हायेत साहेब."

छतातून कुठलंसं परदेशी गाणं वाजत होतं. त्याच्यावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "हे पाहा आजी, ही तुरीची दाय. तुमाले अजून काय पाह्यजे?"

साऱ्या जगाच्या त्या दुकानात आमची बोली मी पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ऐकली.