शेवटची पोनी

बायकोच्या आजोबांनी एक करडी घोडी घेऊन घोड्यांच्या पैदाशीचा हा स्टड सुरू केला. जात वेल्श, म्हणजे ब्रिटनच्या डोंगरांतली ठेंगणी पोनी, लहान मुलांनी शोमध्ये बसून मिरवावी अशी. सासऱ्यांच्या काळात इथे अठ्ठावीस घोड्या होत्या. मी लग्न करून राहायला आलो तेव्हा नऊ होत्या, आणि सासरे गेल्यावर सहा विकल्या.

ऑफिसातले लोक म्हणतात, मोकळं रान, घोडे, मजा आहे तुझी. मजा अशी की इथे, दक्षिण गोलार्धात, घोड्या वसंतात वितात, सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि दिवाळी नेमकी त्यातच येते. बायको हॉस्पिटलात शिफ्टवर, सासूबाईंचे गुडघे गेलेले. कॅसल हिलच्या ऑफिसातून सव्वा तास गाडी चालवत आलो की बादल्या भरायला मीच. सोळा वर्षांत पुण्यात एकही दिवाळी केली नाही.

या वर्षी सासूबाई आपणहून म्हणाल्या, आता पुरे. दोन म्हाताऱ्या घोड्या शेजारी सांभाळणार होते. राहिली होती तीन वर्षांची एक तरणी पोनी. तिला रोज हाताळावं लागतं, ते शेजाऱ्यांना जमणार नव्हतं. ती विकली गेली की आम्ही मोकळे. जूनमध्ये पुण्याहून आई आली होती, ती ऑक्टोबरात परत जाताना तिच्याबरोबर दिवाळीला जायचं, असं ठरवून टाकलं.

या घरात एक नियम आजोबांपासून आहे. पोनीला हातातून खायला द्यायचं नाही, बादलीतच द्यायचं. हाताची चटक लागलेली पोनी खिसे हुंगते, आणि काही मिळालं नाही की चावते. सासूबाईंनी हे आईला खुणांनी समजावलं, मी मराठीत सांगितलं. आईने दोन्ही वेळा मान डोलावली. तिच्या मते दारच्या जनावराला हातून घास न देणं माणुसकीला धरून नव्हतं, पण ती तसं बोलली नाही. पेंडल हिलच्या देशी दुकानातून तिच्या चहासाठी आणलेली गुळाची ढेप आठवड्यात संपायची. आई चहा फार पिते, असं मी धरून चाललो होतो.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन पोनी बघायला आल्या. पोनी चालली, दुडकली, मागितल्यावर पाय उचलून दिला. बाईंनी डिपॉझिटचं विचारलंसुद्धा. तेवढ्यात पोनीने मुलीच्या जॅकेटचा खिसा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि दंड धरला. रक्त आलं नाही, पण दात उमटले. बाई शांतपणे म्हणाल्या, विचार करून कळवू. कळवणार नव्हत्या. शोवाल्यांचं वर्तुळ लहान आहे, सोमवारपर्यंत सगळ्यांना कळणार होतं.

आई व्हरांड्यातून बघत होती. "गूळ शोधत होती रे ती," आई म्हणाली. "पोरीच्या खिशात नव्हता, म्हणून चिडली. माझ्याशी कधी वाकडं वागली नाही."

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतात त्या. मी सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी पोनीकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांचा चेहरा सैल पडलेला दिसला.

"चावणारी पोनी आम्ही कुणाच्या मुलाला विकत नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे इथेच. चाल चांगली आहे तिची. या ऑक्टोबरात घोड्याकडे पाठवू."

शेजारी उभ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशेब केला. या ऑक्टोबरात तिला पोचवायचं, आणायचं, गाभ राहिला का बघायचं. पुढे अकरा महिने. म्हणजे पुढच्या दिवाळीत दारात पुन्हा शिंगरू.

"काय ठरलं?" आईने विचारलं.

"पोनी विकायची नाही. इथेच राहणार."

आईला फार बरं वाटलं. "मग यंदा नाही तर नाही," ती म्हणाली, "पुढच्या दिवाळीला ये." मी हो म्हटलं आणि बादल्या भरायला गेलो.