यादीत नसलेला फोन

समजा, तुमच्या हातात पाच वर्षांचा एक फोन आहे. कंपनीने त्याचे अपडेट कधीच बंद केलेत. आतली जुनी सिस्टीम पुसून तुम्हाला दुसरी बसवायची आहे, मालकाच्या चुगल्या न करणारी. पण ती मोजक्या महागड्या फोनांसाठीच तयार मिळते. तुमच्या फोनला ती तुम्हीच बेतायची. केबल जोडायची, जुनं पुसायचं, नवं चढवायचं आणि पडदा उजळेपर्यंत श्वास रोखून बसायचं. बसाल?

काचवाली बसायची. मोबाईल दुरुस्तीच्या तिच्या चिंचोळ्या दुकानात फुटक्या काचा बदलण्याचं काम सर्वांत जास्त, म्हणून गिऱ्हाइकांनी पाडलेलं हे नाव. गिऱ्हाईक नसलं की ती संगणकापुढे. ही सिस्टीम ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून बनवायचे, आणि कुठले फोन चालतात याची यादी ठेवायचे. यादीत नसलेला फोन दिसला की हिचे हात शिवशिवायचे. “दुसऱ्याचा सदरा उसवून आपल्या मापाचा करायचा, एवढंच,” ती म्हणायची. एवढंच म्हणे!

या खेपेला काम घरचं होतं. तिची भावजय नर्स. घरोघरी जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची आणि जखमेचे फोटो डॉक्टरांना पाठवायची. तिच्या संस्थेने फर्मान काढलं: सोमवारपासून ताजे सुरक्षा अपडेट असलेलाच फोन चालेल. नाहीतर फिरती बंद, ऑफिसात बसून फायली लावा. नवा फोन एवढ्यात परवडणारा नव्हता, आणि फिरती म्हणजे भावजयीचा जीव की प्राण.

“वन्सं, मला त्या फायलींच्या तोंडी देऊ नका हो!”

“फोन ठेव आणि नीघ. रविवारी ये.”

शनिवारी सिस्टीम झोकात उघडली. रंग लख्ख, आवाज खणखणीत, कॅमेरासुद्धा चालू. फक्त बोटाला दाद देईना. टेकवा, घासा, दाबा, फोन ढिम्म. काचवालीने कोडची ओळ न् ओळ तपासली. त्यात कंपनीच्या माहितीप्रमाणे काचेवरचं बोट ओळखणारी टचची चिप अगदी बरोबर लिहिलेली. तिने ती सिस्टीम हौशी मंडळींकडे पाठवली होती, तर त्यातल्या एका गड्याने कळवलं, “माझ्याकडे हाच फोन आहे, तुमची सिस्टीम मस्त चालतेय.” तिचं डोकंच फिरलं.

रविवारी दुपारी भावजय आली. तिने पडद्यावरून बोट फिरवून पाहिलं.

“अगदी तुमच्या भावासारखा झालाय. दिसायला छान, ऐकायचं नाव नाही.”

“थट्टा पुरे. कंपनीने जी काच बसवली, तिच्याच चिपचं कोड मी घातलंय. मग अडतंय कुठे?”

“कंपनीने कुठली? जिन्यावरून पडून फुटली नव्हती का? गेल्या वर्षी तुम्हीच बदललीत. याच टेबलावर!”

गावभराच्या काचा बदलणाऱ्या बाईला स्वतःच बदललेली काच आठवू नये! काचवाली अशी हसत सुटली की हातातला चिमटा खाली पडला.

“काखेत कळसा, वन्सं!”

“गप बस आणि तो दिवा इकडे कर.”

बदललेली काच दुसऱ्या कारखान्याची, तिची टचची चिप वेगळी. जुन्या सिस्टीमला दोन्ही ओळखीच्या होत्या, नवीला एकच. काचवालीने फोन उघडून काचेला जोडलेल्या पट्टीवरचा चिपचा नंबर वाचला, त्या चिपचं कोड दुसऱ्या एका फोनसाठी बेतलेल्या सिस्टीममध्ये शोधलं आणि आपल्या सिस्टीमला जोडलं. संध्याकाळच्या आत भावजयीचं बोट पडद्यावर लोण्यासारखं सरकलं. पहिला फोटो तिने काढला तो नणंदेचा, विस्कटलेल्या केसांचा आणि बत्तिशी दिसणारा.

सोमवारी तिचा फोन आला. “तपासणीत पास! मी पेशंटच्या दारात उभी आहे. आणि ऐका, आमच्या सगळ्या नर्सबायांनी तुमचा पत्ता घेतलाय.”

दोन दिवसांत टेबलावर पाच फोन आले. तीन फोनांच्या काचा बदललेल्या, एकाचा कॅमेरा भलत्याच फोनचा, पाचव्याला काय काय बसवलंय ते बसवणाऱ्यालाच ठाऊक. काचवालीने बाह्या सरसावल्या, पण आधी त्या हौशी मंडळींना लिहिलं: “आपली यादी कारखान्यातून निघालेल्या फोनांची आहे. पण लोकांच्या खिशातले फोन दुरुस्त होत होत जगतात. आत नेमकं काय बसलंय, हे सिस्टीम चढवण्याआधी त्या फोनलाच विचारता येईल का?”