उणे चारचा फोटो

कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांना सगळे मफलरमामा म्हणत. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसची वाट बघणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षं उणे अठरा अंशांत काढली की थंडी मानेत मुक्कामालाच येते, बाहेरच्या उन्हाला ती दाद देत नाही. मामा तिथे चेकर होते. ट्रक लागला की आत चढायचं, ट्रकच्या थंडीचा आकडा बघायचा, खोकी तपासायची आणि सही करून माल ताब्यात घ्यायचा.

मध्यंतरी कुणीतरी आत मोबाइलसमोर नाचला, तो नाच गावभर फिरला आणि कंपनीने मोबाइल गेटवरच जमा करायला सुरुवात केली. फोटो मात्र कंपनीला हवेच होते. आकड्याचा फोटो नाही आणि माल खराब निघाला, तर ते सरळ चेकरच्या गळ्यात. मागच्या वर्षी दुसऱ्या पाळीच्या चेकरला त्यापायी घरी बसवलं होतं. अशात कंपनीचा कॅमेरा बंद पडला. मामांनी नवा मागितला. साहेब म्हणाले, "बघू." साहेबांच्या "बघू"चा अर्थ कळायला बावीस वर्षं पुरेशी असतात.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मामा-मामी कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. मामींनी काउंटरवर हात टेकले आणि म्हणाल्या, "स्वस्तातला दाखवा. आम्हाला काही लग्नाचे अल्बम काढायचे नाहीत."

दुकानदाराने तीन ठेवले. मामांनी पिशवीतून कामावरचे जाड हातमोजे काढले, चढवले आणि एकेका कॅमेऱ्याचं बटण दाबून बघायला लागले.

"काका, चावत नाही तो," दुकानदार म्हणाला.

"तो नाही हो, तिथली थंडी चावते."

पहिल्याची बटणं मुगाएवढी. दुसरा चांगला होता, पण किंमत ऐकून मामींनी तो स्वतःच्या हाताने मागे सरकवला. तिसरा चपटा, खिशात बसणारा, मोज्यातून बटण लागणारा. जादा बॅटऱ्या कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या महाग पडत होत्या, तेव्हा दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्यातरी दोन काढून दिल्या. "चालतात," म्हणाला. त्याने तारीख लावून दिली, मामींचा एक फोटो काढून दाखवला. फोटोत मामींचे डोळे मिटलेले होते, तरी दोघंही खूश झाले.

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने मान टाकली. बाहेर भरलेली दिसणारी बॅटरी आत दोन फोटोंत गार. मामांचा जीव खालीवर झाला. पण मग त्यांनी एक युक्ती काढली. जादा बॅटऱ्या आतल्या सदऱ्याच्या खिशात, छातीला लागून ठेवायच्या. एक गारठली की दुसरी घालायची आणि गारठलेली परत छातीशी. दहा मिनिटांत ती शहाण्यासारखी चालायला लागे. "अंडी उबवतोय," असं ते हमालांना सांगत, आणि हमाल "पिल्लं कधी?" म्हणून विचारत. बॅटरी बदलली की कॅमेरा पडद्यावर काहीतरी विचारायचा. मामा मोज्याच्या बोटाने मधलं मोठं बटण दाबायचे, की तो प्रश्न जायचा. चार महिने असे मजेत गेले.

मग तो ट्रक आला. हवा होता उणे अठरा, आकडा उणे चार. मामांनी ड्रायव्हरला आकडा दाखवला, फोटो काढला, माल घेणार नाही म्हणाले. गोदामातल्या फोनवर ऑफिसातून साहेबांचा फोन आला, "घ्या, आम्ही बोलतो त्यांच्याशी." मामांनी घेतला. आठवड्याने तो सगळा माल फेकायची वेळ आली, तेव्हा त्यांच्याशी बोललेलं कुणाला आठवेना. ट्रकवाले म्हणाले, आमच्याकडे थंडी बरोबर होती, तुमच्या चेकरने दार उघडं टाकलं असणार.

मामांना बोलावणं आलं. ते कॅमेरा घेऊन ताठ मानेने गेले. साहेबांनी फोटो कॉम्प्युटरवर उघडला. ट्रकचा नंबर स्वच्छ, उणे चार ठळक. साहेबांचा चेहराही खुलला. मग त्यांनी कोपऱ्यातली तारीख वाचली आणि खुर्ची मागे घेतली.

एक जानेवारी, पंधरा वर्षांपूर्वीची. वेळ रात्री बारा वाजून दोन मिनिटं.

त्यांनी दुसरा उघडला, दहावा उघडला. सगळे त्याच एका रात्रीचे. स्वस्त कॅमेऱ्याला तारखेची आठवण बॅटरी असेपर्यंतच. ती काढली की तो नव्याने तारीख विचारतो, आणि मामा चार महिने त्याला 'हो' म्हणत आले होते.

"साहेब, नंबर बघा ना ट्रकचा."

"हा ट्रक आठवड्यातून तीनदा येतो, मामा. कोणत्या दिवशीचा आहे हे कसं सांगू?"

"तुम्हीच फोनवर घ्या म्हणालात."

साहेबांनी फोटो बंद केला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे," म्हणाले, आणि त्यांनी छापलेला कागद पुढे सरकवला. त्यात चूक मान्य होती आणि राजीनामा स्वखुशीचा होता. सही केली तर हिशेब लवकर मिळेल, नाही केली तर चौकशी, असं त्यांनी अगदी मायेने समजावलं. मामांना खूप बोलायचं होतं. बावीस वर्षांत एक खोकं इकडचं तिकडे झालं नव्हतं, ते सांगायचं होतं. पण त्यांचाच कॅमेरा त्यांना खोटं पाडत होता, त्याच्यापुढे काय बोलणार? त्यांनी सही केली. तारखेच्या जागी आजची तारीख घातली, दोनदा तपासून.

घरी मामी दारातच होत्या. "दाखवलात फोटो?"

"दाखवला."

"मग? काय म्हणाले?"

मामांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"चांगला आलाय म्हणाले."

"तरी मी म्हणतच होते," मामी म्हणाल्या, आणि उद्याच्या डब्याची भाजी निवडायला बसल्या.