स्विव्हल म्हणजे काय

स्विव्हल या शब्दाचा मला मनापासून राग आहे. पावर हाउसजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. धड्यात हा शब्द आला की पोरी विचारतात, "मॅम, सेंटेन्स में कैसे यूज़ करें?" मी खुर्चीचं उदाहरण देते. गोल फिरणारी खुर्ची, स्विव्हल चेअर. किंवा मागून हाक आली आणि माणूस जागच्या जागी गर्रकन वळला, तर 'ही स्विव्हल्ड', म्हणजे तो वळला. एवढं सांगून पुढची ओळ. क्रेनचं उदाहरण मी देत नाही.

खरं तर हा शब्द मला शाळेत नाही, घरी मिळाला. बाबा जामुलच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात खलाशी होते. अवजड सामान क्रेनला बांधायचं, उचलायचं, जागेवर बसवायचं, हे त्यांचं काम. क्रेनच्या हुकाला वर एक फिरता सांधा असतो, तो स्विव्हल. ओझं हवेत फिरलं तरी वरच्या दोराला पीळ पडू नये म्हणून तो असतो. तो जाम झाला तर दोर पिळतो, आणि खाली माणसं उभी असतात. म्हणून दिवसाचं पहिलं ओझं उचलण्याआधी बाबा हूक हाताने एक पूर्ण फेरा फिरवत आणि तोच हात कपाळाला लावत. ते झाल्याशिवाय क्रेनवाला लीव्हरला हात लावत नसे.

मी बारावीत असताना तिथे सुपरवायझरची जागा निघाली. बाबांचे गुडघे तेव्हाच गेले होते. संडासातून उठताना ते भिंत धरायचे, आणि दिवसभर वाकून सामान बांधायचे. ती जागा मिळाली असती तर बांधणं सुटलं असतं, नुसतं उभं राहून सांगायचं काम उरलं असतं. पण नवे मॅनेजर म्हणाले, बाहेरून इंजिनियर येतात, सुपरवायझरला इंग्रजीत चार वाक्यं आली पाहिजेत, मुलाखत घेऊ.

मी कंबर कसली. आठ दिवस रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवलं. "अ स्विव्हल अलाउज द लोड टु टर्न फ्रीली." बाबा सुरुवात करायचे, आणि दोन शब्दांत त्यांचा उजवा हात वर जायचा, बोटं हुकासारखी वाकायची, मनगट फिरायला लागायचं. वाक्य तिथेच राहायचं. मी भडकायचे.

"बाबा, हात नका नाचवू. अडाणी दिसता."

"हाताबिगर मले बोलताच येत नाही न बाई."

"मग शिका. मागे बांधून ठेवा."

त्यांनी हात मागे बांधले. शेवटच्या दिवशी वाक्य पुरं म्हणूनही दाखवलं.

मुलाखतीहून आले ते "नाही जमलं" एवढंच बोलले. जागा दुसऱ्याला मिळाली. हूक कुठल्या बाजूने धरतात हेही त्याला ठाऊक नव्हतं, पण इंग्रजी फाडफाड. त्या मॅनेजरला मी मनात किती शिव्या घातल्या असतील. आयुष्यभर हुकाला हात न लावलेला माणूस माझ्या बापाला स्विव्हलचा अर्थ विचारतो, तोही इंग्रजीत. कॉलेजात, नंतर स्टाफरूममध्ये, हा किस्सा मी दात ओठ खात सांगत आले. बाबांनी आणखी तीन वर्षं ओझी बांधली. मग गुडघे इतके सुजले की कामच सुटलं.

गेल्या दिवाळीत कारखान्यातल्या त्यांच्या टोळीतले एक काका फराळाला आले. जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी नेहमीप्रमाणे त्या मॅनेजरवर घसरले. काका माझ्याकडे बघतच राहिले.

"नाही बेटा, तो माणूस तसा नव्हता. मी दारातच उभा होतो. तुह्या बाबाचं वाक्य अटकलं, तं साहेबच म्हणे, इंग्लिश छोड़ो, हाथ से करके दिखा दो. पन हा गडी हात मागं बांधून उभा. हालूनच नाही राहिला. कावून, ते आजवर समजलं नाही."

मला ते त्याच क्षणी समजलं.

"साहेब सांगत होते ना? मग दाखवायचं होतं. कशाला ऐकलंत माझं?" मी बाबांवर ओरडले. इतक्या वर्षांचा राग कुणावर तरी काढायला हवाच होता.

"तू आठ दिवस घसा फोडून शिकवलं होतं," बाबा म्हणाले. "तुह्यं कसं मोडू?"

एवढं बोलताना त्यांचे दोन्ही हात मांडीवर निपचित होते. मग माझ्या लक्षात आलं, त्या मुलाखतीनंतर घरातसुद्धा बोलताना बाबांनी कधी हात हलवले नव्हते.