भिंतीवरचे बूट

आम्हा दोघी बहिणींची घरं माधव नगरात पाठीला पाठ लावून आहेत, पण दोन वर्षं झाली, धाकटी माझ्या घरात पाऊल टाकत नाही. तिला मी दोष देत नाही. चूक माझीच, आणि तीसुद्धा ड्रॉइंगच्या मास्तरणीची.

तिचा एकुलता एक मुलगा फौजेत. सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी मिठाई वाटली. मिठाई! माझं डोकंच फिरलं. वाटणाऱ्यांचं काय जातंय, पोरगा आमचा आहे तिकडे. मला भाषण जमत नाही, रंग तेवढे जमतात. कंपाउंडच्या भिंतीवर मी आमच्या नदीवरचा, पिंडदानाचा राम घाट काढला. पायऱ्यांवर ओळीनं आया बसलेल्या, प्रत्येकीपुढे पत्रावळीवर पिंड आणि शेजारी फौजी बूट. पिंडदानाला आपल्यात बायका बसत नाहीत, म्हणूनच मुद्दाम बसवल्या. खाली, इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून, हिंदीत लिहिलं, 'लड़ाई बंद करो'.

लोक येऊन बडबडून गेले. कोणी देशद्रोही म्हणालं. जा, ठाण्यात सांगा, म्हटलं मी. हटले नाही.

पण शाळेत जन्मभर मुलांना एकच सांगत आले, मनानं काढू नका, वस्तू समोर ठेवून काढा. जित्याची खोड! बुटांसाठी मी माझ्या माळ्यावर पडून असलेले भाच्याचे जुने फौजी बूट उतरवले. उजव्या टाचेला मोच्यानं लाल दोऱ्यानं टाके घातलेले. ते टाकेही हौसेनं रंगवले. जित्या पोराचे बूट आपण पिंडाशेजारी मांडतोय, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहीण दह्याची वाटी घेऊन आली आणि भिंतीपाशी थांबली. लाल टाके तिनं लगेच ओळखले. वाटी खाली ठेवून घरी गेली, चुन्याची बादली घेऊन आली.

"माझ्या पोराचे पिंड मांडलेस, ताई?"

एवढंच बोलली. मग कुंच्यानं सगळी भिंत पांढरी केली. तिला अडवायचं तोंड मला नव्हतं.

लढाई थांबली. दोन महिन्यांनी भाचा सुट्टीवर आला, धडधाकट. आईला न सांगता माझ्याकडे आला. शेजारच्या दुकानदारानं पाठवलेला चित्राचा फोटो त्याच्या मोबाइलवर होता. मी रडत त्याची माफी मागितली. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून बूट पाहिले.

"पिंड बरोबर होते, मावशी. बूट चुकले. बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्याचे हवे होते."

पुन्हा काढ, म्हणाला, मी आईला समजावतो. आई काही समजली नाही. मी रंग आणून ठेवले आहेत, ते डब्यात वाळत चाललेत. त्या मुलाचे बूट मी कधी पाहिले नाहीत, आणि मनानं काढायला मला येत नाही.